जिभाऊंची अकरा मिनिटं: गावातल्या माजी सैनिकांच्या आठवणी कशा जपायच्या?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव पारोळा तालुक्यातलं. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना अख्खं गाव जिभाऊ म्हणायचं, ते यंदा पोळ्यानंतर आठच दिवसांत गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. बेळगावला ट्रेनिंग, १९७१ च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर. पेन्शनीत आल्यावर चाळीस वर्षं कापूस पिकवला.

माझ्याकडे त्यांचं एकच रेकॉर्डिंग आहे, तेही अकरा मिनिटांचं. दोन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळे घरी जमलो होतो. रात्री ओट्यावर जिभाऊ बोलायला लागले आणि मी मोबाइल सुरू केला. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरचं सांगत होते. आमच्या ब्रिगेडियर साहेबानं समोरच्या कर्नलला चिठ्ठी लिहिली, शरण ये म्हणून, तर त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. सातव्या मिनिटाला माझा चुलतभाऊ हसतो, "जिभाऊ, काबर फेकी राहिनात?" मग सगळेच हसतात. माझा आवाज सगळ्यांत मोठा येतो, कारण फोन माझ्या हातात होता. जिभाऊ म्हणतात, "जाऊ द्या. तुमले ते समजाव नही." पुढची चार मिनिटं कापसाच्या भावावर आहेत.

गावात अजून नऊ माजी सैनिक आहेत. एक आबा १९६५ चे, ऐंशी ओलांडलेले. या नऊ जणांचं तरी नीट व्हावं असं फार वाटतं. पण कसं बोलतं करायचं, काय विचारायचं, आणि नंतर ते गावापर्यंत कसं न्यायचं? १५ ऑगस्टला शाल-नारळ देऊन पाच मिनिटं माइक हातात देतात, तसं नको आहे. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया लिहा.

गिरणामाय
वाचतेय. सातव्या मिनिटाचं वाचून घशात आवंढा आला.

पलटणवाला
बोरीकाठ, तुमचे जिभाऊ फेकत नव्हते.

मी फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, २४ वर्षं काढली, आता भडगावला असतो. जमालपूरचा तो किस्सा फौजेत सगळ्यांना ठाऊक आहे, छापूनही आलेला आहे. ९५ माउंटन ब्रिगेडचे ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूद यांना शरण येण्याबद्दल पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं, त्यात ७.६२ ची गोळी गुंडाळलेली होती. लेखणी ठेवा आणि स्टेनगन हातात घ्या, अशा अर्थाचा मजकूर होता. मग १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी वेढा फोडून निघाले, तर वाटेत १ मराठा, म्हणजे जिभाऊंची पलटण, मोर्चे लावून बसलेली. सकाळपर्यंत खेळ आटोपला. पलटणीला त्याचा 'जमालपूर' हा बॅटल ऑनर, म्हणजे युद्धसन्मान, आहे.

घरात त्यांची मेडलं असतील तर बघा. पूर्वेकडे लढलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेला पश्चिमी स्टार. मेडलच्या कडेला बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं. काच लावून वाचा.

बोरीकाठ
पलटणवाला साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून अर्धा तास काहीच सुचलं नाही. चुलतभावाला फोन करून वाचून दाखवला. तो एक शब्द बोलला नाही, फोन ठेवून दिला.

केळीचा_मळा
रावेरकडून. आम्ही तीन मित्रांनी मागच्या तीन वर्षांत तालुक्यातल्या सतरा माजी सैनिकांचं बोलणं घेतलं. चुका करून करून शिकलो, त्या सांगतो.

पहिली सगळी रेकॉर्डिंगं पंख्यानं खाल्ली. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा-कूलर बंद करा म्हणणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला शिक्षाच. म्हणून आम्ही दिवाळीनंतर सुरू करतो, सकाळी आठच्या आत, पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आधी. मोबाइल चालतो, पण शर्टाला लावायचा छोटा माइक घ्याच. फोन एअरप्लेन मोडवर. एकदा ऐन रंगात आलेल्या आबांच्या बोलण्यात बँकेचा कर्जाचा कॉल घुसला, आबा उठून गाईला पाणी पाजायला गेले ते परत बसलेच नाहीत.

मूळ फाइल कधीही कापायची नाही. खोकला, थांबणं, नातवंडाची मध्येच लुडबुड, सगळं राहू द्या. ऐकवायला वेगळी प्रत करा. तीन प्रती हव्यात: एक कॉम्प्युटरवर, एक हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडे. आमच्याकडे घरात पाणी शिरून दोन मुलाखती कायमच्या गेल्या. त्यातला एक माणूस आता नाही.

सुरुवातीला रेकॉर्डिंगमध्येच तारीख, गाव, कोण कुणाशी बोलतंय हे बोलून ठेवा. फाइलचं नाव बदलतं, हरवतं. आवाजात बोललेलं राहतं.

पलटणवाला
प्रश्नांबद्दल माझं सांगतो. "किती मारले?" हा प्रश्न कुणीच विचारू नये. पोरं पहिला तोच विचारतात आणि माणूस तिथंच मिटतो. लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, काय मिळायचं ते विचारा. संगरमध्ये, म्हणजे दगड रचून केलेल्या मोर्चात, शेजारी कोण होतं, त्याचं गाव कोणतं ते विचारा. बूट ओले झाले की काय करायचे? घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, वाचून कोण द्यायचं? अशातून माणूस हळूहळू तिथं जाऊन पोचतो, मग जे सांगायचं ते स्वतःच सांगतो. आणि गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसा. पुढचा प्रश्न लगेच टाकू नका. एका सुभेदार साहेबांनी दीड मिनिट भिंतीकडे बघून मग आपल्या जोडीदाराचं नाव घेतलं होतं. मी मध्ये बोललो असतो तर ते नाव आलंच नसतं.

दुसरं. ड्रायव्हर, कुक, स्टोअरमन, धोबी हे सगळे "आम्ही काय लढलो, आम्ही मागं होतो" असं म्हणून टाळतात. त्यांना सोडू नका. दारूगोळा पुढे नेणाऱ्या गाडीवाल्याएवढं रस्त्याचं कुणाला माहीत असतं?

मास्तर_धुळे
विषय चांगला आहे, पण एक सावधगिरीची सूचना करतो. आठवण म्हणजे इतिहास नव्हे. पन्नास वर्षांत तारखा सरकतात, दुसऱ्यानं सांगितलेलं स्वतः पाहिल्यासारखं वाटू लागतं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत होते ते कागदाच्या पुराव्यासाठी. त्यांच्या पश्चात १९२७ साली आपल्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या परंपरेतल्या माणसांनी नुसत्या ऐकीव गोष्टींवर थांबू नये. डिस्चार्ज बुक, पत्रं, मेडलं, फोटो यांची नोंद बोलण्याबरोबरच करावी.

अहिराणीनाद
मास्तर, आदर ठेवून असहमत. जिभाऊंची गोळीची गोष्ट तर कागदावरही खरी निघाली. हसणाऱ्यांकडे कागद नव्हता, जिभाऊंकडे आठवण होती.

माझा मुद्दा भाषेचा. मुलाखत अहिराणीत झाली तर लिहूनही अहिराणीतच ठेवा. मी एकदा एका नानांचं बोलणं प्रमाण मराठीत उतरवलं. लडाखच्या थंडीबद्दल ते म्हणाले होते, "रातले हात लाकूडना व्हई जायेत." मी लिहिलं, "रात्री प्रचंड थंडी असे." नंतर वाचताना माझीच मला लाज वाटली. त्या माणसाचे हात मी पुसून टाकले होते. आता डावीकडे अहिराणी आणि उजवीकडे मराठी असं लिहितो. फौजी माणूस मध्येच हिंदीत जातो, हुकूम तर हिंदीतच आठवतात, तेही तसंच ठेवतो.

मास्तर_धुळे
हात पुसून टाकल्याचं मान्य. माझा आग्रह कागदाचाही आहे, कागदाचाच नाही.

सातपुड्याची_लेक
अक्राणीकडची आहे मी, नंदुरबार जिल्हा. आमच्याकडच्या आजोबांना अहिराणीही परकी, ते पावरीत बोलतात. मुलाखत घ्यायला बाहेरून आलेली पोरं मराठीत विचारायची, आजोबा "हो, नाही" म्हणायचे आणि पोरं लिहायची, "फारसे आठवत नाही." मग मी पावरीतून विचारलं. तीन दिवस बोलत होते.

खानदेशातलं फौजेचं नातं काल-परवाचं नाही. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी केली, आमच्याच लोकांना आमच्याच डोंगरात बंदोबस्ताला लावलं. त्या शिपायांना काय वाटत होतं? त्यांच्या साहेबांनी लिहिलेलं सापडतं, त्यांचं स्वतःचं एक वाक्य मला मिळालेलं नाही. म्हणून मला आजच्या माणसांची घाई वाटते.

जामनेरकर
यात एक भर. माझे आजोबा महार रेजिमेंटचे. १ ऑक्टोबर १९४१ ला पहिली बटालियन उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता, हे आजोबा रोज सांगायचे. गावात माजी सैनिकांच्या सत्काराची यादी झाली तेव्हा त्यांचं नाव राहून गेलं, दोनदा. बोरीकाठ, तुम्ही नऊ म्हणता आहात, वस्तीतली घरं मोजली का? राग नाही, मनापासून विचारतोय.

बोरीकाठ
जामनेरकर, मोजली नव्हती. आज विचारून आलो. अकरा आहेत.

जामनेरकर
हे लिहिल्याबद्दल आभारी आहे.

वाघूरचा
थोडं अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. १९७१ च्या डिसेंबरात मिलिटरी स्पेशल थांबली की कॉलनीतल्या बाया डबे घेऊन फलाटावर जायच्या. माझी आई कळण्याची भाकरी आणि ठेचा न्यायची. एका सरदारजी जवानानं ठेचा भाजी समजून अख्खा घास भरला, डोळ्यांतून पाणी आणि तरी "माताजी, और है?" आई हे शेवटपर्यंत सांगायची. रात्री खिडक्यांना काळे कागद लावायचो. आमच्याकडे कुणी लढलं नाही, पण ती लढाई आमच्या घरात आली होती. अशा आठवणीही घ्याव्यात का?

केळीचा_मळा
घ्याव्यातच! आणि भुसावळच्या माणसानं भरीत न आणता धागा सोडायचा नाही.

वाघूरचा
हिवाळा येऊ द्या, बामणोदची वांगी माझ्याकडून.

उगाच_नको
मी वेगळं सांगणार आहे. कृपया समजून घ्या.

माझे वडील १९८७ ते ८९ श्रीलंकेत होते, शांतिसेनेत. मी लहान असताना ते रात्री उठून अंगणात उभे राहायचे, आई न बोलता शेजारी जाऊन उभी राहायची. चार वर्षांपूर्वी ओळखीतला एक मुलगा आला, मुलाखत घेतो म्हणाला. वडील पहिल्यांदा बोलले, जवळजवळ दोन तास. आठ दिवसांनी ते बोलणं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं. साडेतीन मिनिटं, मागे ढोल-ताशे, वरती "शत्रूला धूळ चारली" असा मथळा. आणि वडील त्यात काय सांगत होते? एका खेडेगावातल्या तमिळ म्हातारीनं त्यांना पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी तिचं घर उरलं नव्हतं. वाक्य मध्येच तोडलं होतं.

त्या मुलानं माफी मागितली, काढूनही टाकलं. पण वडील त्यानंतर कुणाशीच त्यावर बोलले नाहीत. त्या मोहिमेत आपले हजाराहून जास्त जवान गेले. परत आले त्यांच्यासाठी गावात ढोल वाजले नव्हते. ढोल आले ते असे. म्हणून म्हणतो, ज्याला विसरून जगायचंय त्याला जगू द्या. प्रत्येक माणूस गावासाठी उघडायचा नसतो.

गिरणामाय
उगाच_नको, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

पलटणवाला
तुमचं खरं आहे आणि यावर वाद घालणार नाही. फक्त जे बोलायला तयार आहेत त्यांच्यासाठी लिहितो. संमती दोनदा घ्यावी. बोलण्याआधी एकदा, आणि पूर्ण रेकॉर्डिंग ऐकवून आठवड्यानं पुन्हा. पहिल्या वेळी माणूस भिडेखातर हो म्हणतो. कागद मराठीत, मोठ्या अक्षरात: घरच्यांपुरतं, गावापुरतं, सगळ्यांसाठी, की माझ्या पश्चातच. "हा भाग काढा" म्हणाले की चहा प्यायच्या आधी काढायचा, कारण विचारायचं नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट माजी सैनिकालाही लागू आहे. सायफर (सांकेतिक भाषा), ठाणी, आजही वापरात असलेल्या गोष्टी यांत शिरू नका. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरण आणलं, जुने अभिलेख साधारण २५ वर्षांत खुले करायचे म्हणून. पण ती कागदपत्रांची गोष्ट झाली. नाईक-लान्स नाईकच्या मनातलं त्या कागदांत कुठून येणार?

मास्तर_धुळे
उगाच_नको यांचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेस २००० सालापासून माजी सैनिकांच्या मुलाखती जमवते. तिथं किमान ३० मिनिटांची, न कापलेली मुलाखतच स्वीकारतात. तो नियम मला आजवर तांत्रिक वाटत होता. साडेतीन मिनिटांनी काय होतं ते आज कळलं.

आखाजीचा_झोका
गावापर्यंत नेण्याबद्दल कुणीच फार लिहिलं नाही, म्हणून. आमच्याकडे चोपडा तालुक्यात आम्ही 'ऐकायची बैठक' करतो. मारुतीच्या पारावर, रात्री जेवणं झाल्यावर. स्टेज नाही, हार नाही, पुढारी आले तर सतरंजीवर बसतात. एका माणसाचं वीस-पंचवीस मिनिटांचं बोलणं स्पीकरवर लावायचं, तो माणूस तिथंच बसलेला असतो. संपलं की ज्याला विचारायचं तो विचारतो. पहिल्या बैठकीला चौदा जण होते, त्यातले सहा आमच्याच घरचे. गेल्या वेळी पार पुरला नाही. सगळ्यांत जास्त प्रश्न बायका विचारतात: तुमची बायको तेव्हा कुठं होती, बाळंतपण कुणी केलं?

हे सुरू कशामुळे झालं ते सांगते. आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाची. या गावातून किती जण गेले आणि किती परत आले नाहीत, एवढंच. आकडे आहेत, नाव एकाचंही नाही. शाळेतल्या एका मुलीनं विचारलं, "म्हणजे आमच्या घरचं कुणी होतं का?" आणि कुणालाच सांगता येईना.

अहिराणीनाद
'ऐकायची बैठक' हे नावच किती छान आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ऐकून उतरवलं म्हणून आज आपल्याकडे त्या गाण्यांतलं काही तरी आहे. ऐकणारा घरातच असावा लागतो.

गिरणामाय
बायकांवरून आठवलं. माझ्या आत्याचे यजमान १९६२ मध्ये बेपत्ता होते. नंतर कळलं की चिन्यांच्या कैदेत होते, पुढच्या वर्षी परत आले. त्या सगळ्या महिन्यांत आत्यानं कुंकू पुसायचं की लावायचं यावर घरात रोज भांडणं झाली. ती रोज सकाळी लावायची, सासू काही बोलायची नाही, पण तिच्या हातचं पाणी घ्यायची नाही. फुवाजींच्या सत्कारात हे कधीच आलं नाही. बोरीकाठ, जिभाऊंच्या घरच्या आहेत ना अजून?

बोरीकाठ
आहेत. आम्ही सगळे त्यांना माय म्हणतो. हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं.

बोरीकाठ
(सतरा दिवसांनी)
सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आणि कामाला लागलो. १९६५ वाल्या आबांची एक बैठक झाली, सकाळी साडेसातला, पंखा बंद. वस्तीतल्या दोन काकांनी पुढच्या रविवारी बोलावलंय. एक जण नको म्हणाले, त्यांना पुन्हा विचारणार नाही.

आणि मायकडे गेलो. चुलतभाऊ स्वतःहून आला, म्हणाला माइक मी लावतो. मायनं लोखंडी ट्रंक उघडली. पूर्वी स्टार निघाला, कडेला खरंच नंबर आणि नाव आहे. त्याखाली पत्रांचा गठ्ठा, सगळ्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून फक्त ९९ ए.पी.ओ., म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर. माय म्हणाली, "त्या नव्याण्णवले मी गाव समजू. वाटे, तठे जाता येई." तिला वाचता येत नव्हतं. शाळेतल्या गुरुजींकडून पत्र वाचून घ्यायची आणि उत्तर सांगताना लाजून निम्मं गाळायची. ते गाळलेलं निम्मं तिनं आम्हाला सांगितलं. ते घरच्यांपुरतं ठेवायचंय, म्हणून इथं लिहीत नाही.

गोळीची गोष्ट खरी होती हे चुलतभावानं तिला सांगितलं, तिच्या पायाशी बसून. माय म्हणाली, तिला माहीतच होतं. त्यांनी १९७२ मध्ये सुट्टीवर आल्यावर पहिल्या रात्रीच सांगितलं होतं.

मग तिनं विचारलं, जिभाऊंचा आवाज तुझ्याकडे आहे ना, लाव. मी लावला. सातवं मिनिट जवळ आलं तसा मी फोनकडे हात नेला, तर तिनं माझा हात धरला. हसणं झालं, "जाऊ द्या" झालं. मी बंद करायला लागलो, म्हटलं पुढे नुसतं कापसाचं आहे.

"तेच लाव," माय म्हणाली. ती चार मिनिटं तिनं दोनदा ऐकली.